बारा मिलिमीटर

१

सुरुवातीलाच सांगून टाकतो, टाकीचं माप मी चुकवलेलं नाही. लोक घरी माशांची टाकी करायला घेतात आणि आधी लांबी धरून बसतात. चार फूट की पाच फूट, भिंतीला शोभेल का, पाहुणे काय म्हणतील. अरे, लांबीला कोण विचारतो? काचेला ताण येतो तो उंचीने. पाणी जेवढं उंच तेवढा तळाशी दाब, आणि त्या दाबावरून काचेची जाडी काढायची. मी फिटर आहे. बावीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये मिलिमीटरचे दशांश मोजतोय. मापाच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवायला येऊ नये.

लांबी एकशे वीस सेंटिमीटर, रुंदी पंचेचाळीस, उंची साठ. वरून आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं, मोकळी सोडायची. पाणी बसलं दोनशे ऐंशी लिटर. एवढ्याला दहा मिलिमीटर काच पुरते, वरच्या कडेला मधोमध एक आडवी पट्टी चिकटवली की झालं. मी कागदावर बारा लिहिली.

काचवाला म्हातारा कागद वाचून हसला. "मासे ठेवणार की मगर?"

"बाराच कापा."

"दहा पुरे हो. उगाच वजन कशाला वाढवताय?"

"वजन माझ्या घरात येणार ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

त्याने मुकाट्याने कापून दिली. त्याला कारण सांगत बसलो असतो तर त्याने काच ओल्या कापडाने पुसावी तसं मला पुसून टाकलं असतं. कारण असं होतं, की आमच्या घरात आधी एक छोटं गोल भांडं होतं. माझ्या मुलीचं, खारूचं. आठ वर्षांची आहे ती, दात पुढे आणि एका जागी बसायचं नाव नाही, म्हणून खारू. भांड्यात दोन मासे होते. ते भांडं मी मुठीने फोडलं. ती पाढा चुकली, मी ओरडलो, ती भांड्याकडे बघत बसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, एवढंच. तिच्या भुवईवर तीन टाके पडले.

बायको त्याच दिवशी तिला घेऊन आईकडे गेली. अडीच महिन्यांनी आली ती एका अटीवर. दारातच उभी राहून म्हणाली, "पुन्हा तिच्यावर हात उचललात, तर मी तिला घेऊन जाईन ती कायमची. मग तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही. माझ्यावर उचललात तरी तेच." मी मान खाली घालून हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणून बारा. दहा पाण्यासाठी आणि वरचे दोन माझ्यासाठी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. उद्या माझं डोकं फिरलंच तर मूठ मोडावी, काच मोडू नये, असा हिशोब होता.

२

टाकी मी बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या लोखंडी टेबलावर जोडली. कडा घासल्या, सिलिकॉन भरलं, आठवडाभर वाळू दिलं. खाली थर्माकोल, त्यावर वर्तमानपत्र, म्हणजे एक थेंब गळला तरी कागद सांगेल. मग पाणी भरलं आणि बरोबर बावन्न सेंटिमीटरवर निळी चिकटपट्टी लावली.

खारूला मी काम नेमून दिलं. रोज शाळेतून आली की पट्टी बघायची आणि वहीत लिहायचं, पाणी किती उतरलं. पाणी उघड्यावर असलं की उडतं, रोज एखादा मिलिमीटर खाली जातं. तिला मापाची सवय लागावी, आणि खरं सांगायचं तर तिने माझ्या आसपास यावं, म्हणून ही युक्ती.

दुसऱ्या दिवशी तिने माझी मापाची पेटी सांडली. मायक्रोमीटर फरशीवर आपटला. पंधरा वर्षं जपलेला मायक्रोमीटर! ती भिंतीला चिकटून उभी राहिली, हात डोक्यावर. मी दोन्ही मुठी खिशात कोंबल्या. दाढा इतक्या आवळल्या की कानात कड् असा आवाज आला. मग म्हणालो, "जाऊ दे. उचल." बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

तिसऱ्या दिवशी खारूने वहीत लिहिलं : एक बोट वर.

"वर नाही, खाली असेल," मी म्हणालो.

"वर आहे, बाबा."

पाणी पट्टीच्या वर एक बोट होतं. माझ्या टाकीत एक बोट म्हणजे जवळजवळ दहा लिटर, एक बादली. कोणी ओतलं? बायको म्हणाली, मला दुसरे उद्योग नाहीत का. खारूला बादली उचलतच नाही. पट्टी घसरली म्हणावं तर मी शेजारी काचेवर ब्लेडने रेघ मारली होती, ती जागच्या जागी होती. मी वर काचेचं झाकण ठेवलं, झाकणाला चारही बाजूंनी टेप मारला आणि टेपवर सही केली. मनात म्हटलं, आता ओता.

पुढच्या पाच दिवसांत पाणी आणखी एक बोट वर गेलं. सही तशीच होती.

३

सहा मासे आणले, झाकण उघडून आत सोडले, आणि तेव्हापासून रोज दाणे टाकून झाले की मी नवा टेप मारून पुन्हा सही करायचो. खारू नाचली. संध्याकाळपर्यंत सगळे मासे डाव्या कोपऱ्यात, वीतभर जागेत एकमेकांना खेटून उभे होते. उजवीकडे सव्वातीन फूट स्वच्छ पाणी, वाळू, दोन दगड, आणि तिकडे एकही जाईना. खारूने दाणे उजवीकडे टाकले. दाणे खाली गेले आणि तसेच पडून राहिले.

"त्यांना तिकडे जागाच नाहीये," खारू म्हणाली.

"काहीतरी बोलू नकोस. नवीन आहेत, बिचकलेत."

मी पोलादी पट्टी समोरच्या काचेवर आडवी धरली. पाणी भरलं की काच मधोमध थोडी पोटाळते, हे सगळ्यांना माहीत आहे. पट्टी आणि काच यांच्यातली फट मोजली की किती फुगली ते कळतं. बारा मिलिमीटरच्या काचेला या उंचीवर एक मिलिमीटरसुद्धा फुगायचं कारण नव्हतं. मला तीन मिळाले. पुन्हा मोजलं. तीन. आणि फुगवटा मधोमध नव्हता, उजव्या बाजूला होता. पाणी सगळीकडे सारखंच ढकलतं. ते एक बाजू धरून ढकलत नाही. ही गोष्ट मला शाळेपासून ठाऊक आहे.

घरात मात्र इतके चांगले दिवस कधी नव्हते. बायको गाणं गुणगुणत कपडे वाळत घालायची. पहिल्या आठवड्यात मला चिडवायची, "नव्याचे नऊ दिवस." दहाव्या दिवशी म्हणाली, "अहो, खरंच बदललात हो तुम्ही." मी नुसता हसलो. खारूने दूध सांडलं, गृहपाठ लपवला, माझ्या चष्म्यावर बसली. मी प्रत्येक वेळी मुठी खिशात कोंबल्या आणि म्हटलं, जाऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी वहीत : अर्धं बोट वर. एक बोट वर.

मी काही वेडा नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा विचारही मी केला नव्हता.

४

मग ते स्टोअरकीपरचं झालं. वर्कशॉपमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला मी काउंटरवर ड्रिल मागायला गेलो. तो म्हणाला, "काय फिटर, ऐकलं, बायकोने वेसण घातली म्हणे?" मागे दोघंतिघं हसले. माझ्या हातात पाना होता. पाना मी खाली ठेवला, हे लक्षात घ्या. हातानेच मारलं. काउंटरवरून त्याची कॉलर धरून ओढला आणि तोंडावर तीनदा. दुसऱ्या फटक्याला त्याचे पुढचे दात आत गेल्याचं माझ्या बोटांना कळलं. तिसरा फटका मारायची गरज नव्हती. त्या तिसऱ्याने जे बरं वाटलं ते मी कुणाला सांगू शकत नाही.

घरी आलो तेव्हा उजव्या हाताला रुमाल बांधलेला होता. खारू टाकीसमोर वही घेऊन उभी.

"बाबा, दोन बोटं खाली! आणि बघा ना!"

मासे सगळ्या टाकीभर फिरत होते. उजवीकडच्या दगडाला तोंड लावून काहीतरी खात होते. मी पट्टी धरली. फट एक मिलिमीटर. झाकणावरची सही तशीच. खालचा कागद कोरडा ठणठणीत. वीस लिटर पाणी गेलं कुठे, तेवढं मला कोणीतरी सांगा.

खारूने रुमालाकडे पाहिलं. अगदी साध्या आवाजात, भाजी कुठली आणली असं विचारावं तसं तिने विचारलं, "आज कोणाला मारलंत, बाबा?"

"पडलो," मी म्हणालो.

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

५

योगायोग एकदा होतो. फिटर माणूस एका मापावर विश्वास ठेवत नाही, तीन घेतो. मीही तीन घेतली.

पहिलं, पाणी पुन्हा चढल्यावर, टेम्पोवाल्याशी. त्याने माझ्या सायकलला आरसा घासला होता. त्याचं डोकं त्याच्याच दारावर आपटलं, कानातून रक्त आलं. वही : दीड बोट खाली. दुसरं, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पायऱ्यांवर थुंकतो म्हणून. त्याचा हात मागे पिरगाळून धरला आणि खांद्यातून निघाल्यावरसुद्धा सोडला नाही. एक बोट. तिसरा कोण होता ते मला माहीत नाही. रस्त्यात मला धक्का लागला म्हणून सॉरी म्हणाला. सॉरी म्हणणाऱ्याला मी मारलं. तो खाली पडल्यावरही मारलं, बुटाने, बरगड्यांत. बुटाखाली काहीतरी वाकलं. दोन बोटं.

आणि घरी मी देवमाणूस. आवाज चढवत नव्हतो. खारू आता माझ्या मांडीवर येऊन बसायची, तिच्या केसांना पेन्सिलीच्या भुग्याचा वास यायचा. ते सुख कुठल्याही बापाला विचारा. त्यासाठी बाहेर चार माणसांची हाडं मोडावी लागत असतील तर मोडू देत, असं मी स्वतःला सांगत होतो. हात दाखवून अवलक्षण, म्हणा हवं तर.

पण किती दिवस? वर्कशॉपने मला घरी बसवलं. बायकोच्या कानावर बाहेरचं येत असणारच, पण तिची अट घरातल्या दोघींपुरती होती. काचवाला म्हातारा मला बघून शटर अर्धं ओढायचा. जिन्यात माणसं भिंतीला चिकटून उभी राहायची, डोळे खाली. पानवाला, दूधवाला, सगळे कसे गोड बोलायला लागले. भांडण उकरून काढावं तर समोरचा हात जोडायचा. गावात मला मारायला माणूस उरला नाही.

त्यात सासूबाईंचा फोन. बायकोने आतल्या खोलीत घेतला होता, पण सासूबाईंचा आवाज म्हणजे भोंगा. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही गं. हा पोरीला कधीतरी जिवे मारेल बघ." मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं आणि काहीही केलं नाही.

तासाभरात टाकीतलं पाणी दोन बोटं चढलं. माझ्या डोळ्यांदेखत, निळी पट्टी पाण्याखाली खोल गेलेली.

बायकोला म्हटलं, "तू आणि खारू चार दिवस आईकडे जाऊन या."

तिचा चेहरा उतरला. "का? काय होणार आहे इथे?"

"काही नाही. सहज."

"मागच्या वेळी मी गेले तेव्हा परत यायला किती हिंमत गोळा करावी लागली, माहितेय तुम्हाला? आत्ता कुठे घर घरासारखं वाटायला लागलंय. मी कुठेही जाणार नाही." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मी तिला काय सांगणार होतो? टाकी फुटेल म्हणून? मग रिकामी करा, म्हणाली असती.

६

रिकामी करायला घेतलीच मी. दुसऱ्या दिवशी सकाळी, खारू शाळेत, बायको औषधाच्या दुकानात कामाला. झाकण काढलं, रबरी नळी सोडली, बादल्या मोजत मोरीत ओतल्या. चार बादल्या. सहा. दहा. पाणी हिशोबाप्रमाणे उतरत होतं, मला हायसं वाटलं. मूर्खासारखा घाबरलो होतो, म्हटलं.

दहाव्या बादलीनंतर पट्टी धरली. पाणी कमी झालं की काच आत यायला हवी. ती अजून बाहेर आली होती. फट सहा मिलिमीटर. उजव्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनमध्ये एक चंदेरी रेघ उठली होती. सिलिकॉन काचेपासून सुटायला लागलं की अशी रेघ दिसते.

मी वाकून बघत होतो, नाक काचेपासून वीतभर. पाण्याच्या वरची काच आतून कोरडी होती. तेवढ्यात आतून धप् असा आवाज आला. टेबल हललं. मासे एकदम डावीकडे दबले, एक वर उडून फरशीवर पडला.

कोरड्या काचेवर, आतल्या बाजूने, चार ठिपके उमटले होते. वाफेचे, एका ओळीत. हळूहळू विरत होते. मी माझी मूठ बाहेरून त्यांच्यावर ठेवली. चारही बोटांची हाडं त्या चार ठिपक्यांवर बरोबर बसली.

दुसरा ठोसा माझ्या मुठीवरच आला, काचेच्या पलीकडून. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. काच टिकली. दहाची असती तर तिथेच गेली असती.

मी धावत सुटलो. मोरीतून बादली भरून आणायची आणि ओतायची, बादली भरून आणायची आणि ओतायची. दहा बादल्या जशाच्या तशा परत ओतल्या तेव्हा ते शांत झालं. फट चारवर आली. मी फरशी पुसली, मेलेला मासा कागदात गुंडाळून फेकला, आणि दाराला आतून कडी घालून बराच वेळ रडलो.

बायको आल्यावर म्हणाली, "किती घाम आलाय हो. बरं नाही का वाटत?"

"बरंय," मी म्हणालो.

७

रविवारी दुपारी बायको दुकानात गेली. महिन्याची मालमोजणी होती, चारपर्यंत येते म्हणाली. घरात मी आणि खारू. मी तिला सांगितलं होतं, टाकीजवळ जायचं नाही, आतल्या खोलीत बस. स्वतः दारात खुर्ची टाकून बसलो. अकरा दिवस मी कोणाला बोट लावलं नव्हतं. मला वाटतं डोळा लागला.

टिक्.

डोळे उघडले तर खारू टाकीसमोर उभी, वही छातीशी धरून. पाणी झाकणाला टेकलं होतं. निळी पट्टी पुरी पाण्याखाली, तिच्या वर चार बोटं पाणी. झाकणाच्या कडेतून बारीक धार काचेवरून ओघळत होती. समोरची काच उजवीकडे इतकी बाहेर आली होती की पट्टी धरायची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. पाच मासे कोपऱ्यात एकावर एक. चंदेरी रेघ तळापासून वरपर्यंत गेली होती आणि तिच्यातून पाण्याचे मणी येत होते.

टिक्. टिक्.

खारूचं डोकं बरोबर त्या फुगवट्यासमोर होतं. काच आणि तिचं कपाळ यांत हातभर अंतर. पाऊणशे किलो काच आणि तीनशे लिटर पाणी तिच्या अंगावर येणार होतं.

"खारू, बाजूला हो!"

मी ओरडलो. तोच आवाज, जुना. आणि तो आवाज ऐकून पोर गोठली. तो आवाज आला की तिने हलायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं. हात डोक्यावर घेऊन ती तिथल्या तिथे उभी राहिली.

मी खोली ओलांडली. तिला ओढायला हात पुढे केला. देवाशपथ सांगतो, ओढायला. काचेतून तिच्या डोक्यापलीकडे काहीतरी वर उठताना मला दिसलं, पाण्याच्याच रंगाचं, माझ्या उंचीचं, माझ्यासारखाच हात मागे नेलेलं. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे होतो. कोण आधी मारतो, एवढाच प्रश्न होता.

आवाज मी ऐकला. ती टेबलाच्या पायापर्यंत गेली. वही लांब उडाली.

मग मी टाकीकडे बघितलं, आधी टाकीकडे, तिच्याकडे नाही. पाणी उतरत होतं. झाकणापासून सुटलं, एक बोट, दोन बोटं. काच हळूच मागे गेली. रेघेतले मणी थांबले. मासे कोपरा सोडून बाहेर आले आणि उजवीकडे फिरायला लागले. माझ्या तोंडून शब्द निघाले, "वाचली."

खारू उठली. ओठ फाटला होता, हनुवटीवर रक्त आलं होतं, गालावर चार बोटं उठली होती. ती रडत नव्हती. फ्रॉकच्या बाहीने तोंड पुसलं, वही उचलली, पान शोधलं आणि टाकीजवळ जाऊन डोळे बारीक करून निळ्या पट्टीकडे बघितलं. एक बोट आडवं धरून मोजलं. मग दुसरं.

"बाबा," ती म्हणाली, "अजून दोन बोटं वर आहे."

तिने वही टेबलावर नीट ठेवली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे घेतले, डोळे घट्ट मिटले आणि दुसरा गाल पुढे केला.